आबांचा ल

परवा खामगावला गेलो होतो. पुतणीला पवईच्या आयआयटीत एम.डेस.ला, म्हणजे डिझाईनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, म्हणून सगळे जमले होते. पेढा तोंडात टाकत आत्याने विचारलंच, "पोरगी इंजिनेर झाली ना बाप्पा? मंग आता हे कायचं शिकून राह्यली? शिवणकाम व्हय का?"

पुतणीने समजावून पाहिलं, मी दोन वाक्यं जोडली, आणि दोघंही साफ फसलो. आबा मात्र गप्प होते. नातीच्या प्रवेशाचा आनंद त्यांना नव्हता असं नाही. पण "डिझाईन" आणि "कॉम्प्युटर" हे शब्द एकत्र आले की आबा गप्प होतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आबा, म्हणजे माझे वडील, पेंटर. भिंतीवर खडू लावलेली दोरी ताणून टणकन सोडायची, त्या रेषेला शिरोरेषा धरायची आणि मग अक्षरं लोंबवायची. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणूक आली की भिंतीच्या भिंती. या कामावर आम्ही भावंडं शिकलो. मग गावात फ्लेक्सचं मशीन आलं. महिनाभराचं काम दुपारभरात छापून मिळू लागलं आणि आबांचे ब्रश डब्यात गेले. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त बाजारातून जाताना ते पाट्यांकडे बघेनासे झाले.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर मला रात्री सुचलं. (चांगली उत्तरं नेहमी रात्रीच का सुचतात कोण जाणे.) तेच इथे लिहितो.

आपल्याकडे डिझाईनच्या शिक्षणाची चर्चा सुरू झाली ती एका लोट्यापासून, असं म्हटलं तरी चालेल. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या पितळी लोट्याचं भरभरून कौतुक केलं होतं. पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था निघाली आणि १९६९ मध्ये पवईला इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर, म्हणजे आयडीसी. ती उभी करणाऱ्यांपैकी सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जे.जे.त शिकून जर्मनीतल्या उल्मच्या डिझाईन शाळेत गेलेले. उल्मची ती शाळा १९६८ मध्ये बंद पडली आणि पुढच्याच वर्षी पवईची सुरू झाली. एकीचा दिवा विझताना दुसरीचा लागावा, असं काहीसं.

तिथे शिकवणाऱ्यांनी काय केलं? आत्याबाई दर निवडणुकीत ज्या यंत्राचं निळं बटण दाबतात, त्या मतदानयंत्राचं रूप आयडीसीतल्याच ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी ठरवलं. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही आपलं चिन्ह सापडून नेमकं बटण दाबता आलं पाहिजे, हा सगळा विचार कुणाला तरी करावाच लागतो. ज्या निवडणुकांसाठी आबा भिंती रंगवत, त्यांचं दुसरं टोक पवईत होतं म्हणायचं! आणि २०१० मध्ये सरकारने स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह, ज्यात आपला र बसलाय, ते उदय कुमार या तिथल्याच विद्यार्थ्याचं.

पण मला सांगायचंय ते र. कृ. जोशींबद्दल. जन्म १९३६ चा. जे.जे.चे विद्यार्थी, मग उल्का जाहिरात कंपनीत बरीच वर्षं, आणि १९८३ ते १९९६ आयडीसीत शिक्षक. दृक्‌संवादाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिथे १९८४ मध्ये सुरू झाला. हाताने अक्षर काढणारा हा माणूस पुढे एनसीएसटीत संगणकाच्या देवनागरीकडे वळला. विंडोज २००० बरोबर जो "मंगल" फाँट आला, तो त्यांचा. जुन्या मंडळींना आठवत असेल, त्याआधी प्रत्येक वृत्तपत्राच्या साईटचा वेगळा फाँट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. मंगल आणि युनिकोड आले आणि आपण लिहिते झालो. जोशी २००८ च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोत गेले.

हे सगळं मी सकाळी आबांना सांगितलं. म्हटलं, बघा, कॉम्प्युटरचं अक्षरसुद्धा एका हाताने काढणाऱ्यानेच घडवलंय. जुन्या लॅपटॉपवर मंगलमध्ये त्यांचं नाव, गावाचं नाव, "लोणार", "मलकापूर" असं टंकून दाखवलं. आबांनी चष्मा कपाळावर नेला, वाकून बघितलं.

"हा ल आपला नोय."

मी गडबडलो. पण आबा बरोबर होते. मंगलमधला सहज उमटणारा ल उभ्या दंडाचा, हिंदी वळणाचा आहे. आपण शाळेत गिरवला तो पाकळ्यांचा. महाराष्ट्र शासनानेही ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले. गंमत अशी की युनिकोडच्या लेखी दोन्ही ल एकच. युनिकोड अक्षराला क्रमांक देतं, आकार देत नाही. आकार फाँट काढणाऱ्याच्या हातात. मजकूर मराठी आहे हे कळलं तर वेगळा ल दाखवायची सोय ओपनटाईप फाँटमध्ये करता येते, पण ती कुणीतरी करायला हवी आणि सॉफ्टवेअरनेही ती पाळायला हवी.

पुतणी तोवर येऊन बसली होती. तिने विचारलं, "आबा, तुम्ही ल च्या दोन पाकळ्या सारख्या ठेवायचे का?"

"नाही. डावी जराशी मोठी. नाहीतर अक्षर पडल्यावानी दिसते."

"किती मोठी?"

आबांनी नुसते हात हलवले. किती ते त्यांनी कधी मोजलेलंच नव्हतं. पण मग ते उठले, माळ्यावरून एका बंद पडलेल्या किराणा दुकानाची पत्र्याची पाटी मला काढायला लावली, धोतराच्या सोग्याने पुसली. पोरीने वहीतला पातळ कागद त्यावर धरला आणि पेन्सिलीने ल गिरवायला लागली. या शिक्षणाला प्रवेश देणाऱ्या परीक्षेत, सीडमध्ये, आजही कागदावर हाताने चित्र काढावं लागतं. जी.डी. आर्ट झालेल्यालाही वर्षभराच्या अनुभवानंतर ती देता येते, हेही मी आबांना सांगितलं.

"आमच्या टायमाले कोनी सांगतलं नाही," ते म्हणाले. मग पोरीकडे वळून, "कागद हालवू नको. शिरोरेषा आधी धर."

आत्या स्वयंपाकघरातून चहाला हाका मारत होती. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.