फोटोवरचे ठिपके आणि फझी लॉजिक

जुने कृष्णधवल फोटो स्कॅन केले की त्यावर पुष्कळदा पांढरे-काळे ठिपके दिसतात. ‘मीडियन फिल्टर’ प्रत्येक पिक्सेल व त्याचे ८ शेजारी उजळपणाच्या क्रमाने लावून मधले, म्हणजे ५ वे मूल्य तिथे ठेवतो. ठिपके जातात, पण आजीच्या नथीतला बारीक मोतीही पुसला जाऊ शकतो!

प्रा. लॉत्फी झादे यांनी १९६५ साली मांडलेली फझी सेटची कल्पना इथे उपयोगी पडते. पिक्सेल ‘खराब की चांगला’ एवढेच न पाहता तो किती खराब, हे ० ते १ मध्ये मोजून तेवढीच दुरुस्ती करतात. न्यूरल नेटवर्क अशी दुरुस्ती नमुन्यांवरून शिकते. मात्र हरवलेला तपशील ते अंदाजानेच भरते. म्हणून मूळ स्कॅन कधीही पुसू नका. दुरुस्ती प्रतीवरच करा.