मॉस्को, अंगोरा आणि मालेगाव : इ. स. १९२१ मधील सोव्हिएत पूर्वधोरणाची एक बाजू

इ. स. १९२१ च्या मार्च महिन्याच्या १६ तारखेस सोव्हिएत रशियाने दोन करारांवर सह्या केल्या. पहिला लंडन येथे झाला. रशियाच्या वतीने क्रासिन आणि इंग्लंडच्या वतीने सर रॉबर्ट हॉर्न ह्यांनी त्यावर सह्या केल्या, आणि त्यायोगे दोन्ही देशांतील व्यापार पुन्हा सुरू व्हावयाचा होता. दुसरा मॉस्को येथे झाला. त्यातील दुसरा पक्ष म्हणजे मुस्तफा केमाल ह्यांचे अंगोरा येथील सरकार. त्या वेळी इंग्लंडच्या पाठिंब्याने लढणाऱ्या ग्रीक सैन्याशी त्याचे युद्ध चालू होते. ह्यानंतर बरोबर चाळीस दिवसांनी, २५ एप्रिल रोजी, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे खिलाफत चळवळीतील जमावाचा उद्रेक झाला. त्यात पोलिसांचा एक फौजदार व त्याच्या हाताखालची काही माणसे मारली गेली.

ह्या तीन घटना एका वाक्यात बसवणे सोपे आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. हिंदुस्थान सरकारच्या गुप्तवार्ता खात्यास त्या काळी प्रत्येक अशांततेमागे बोल्शेविकांचा हात असण्याची शंका येत असे. उलट पक्षी, पुढील काळातील काही लेखकांना सर्व साम्राज्यविरोधी उठाव एकाच प्रवाहाचे वाटले. दोन्ही दृष्टींमध्ये दोष एकच आहे : मॉस्कोची इच्छा आणि मॉस्कोचा व्यवहार ह्यांतील अंतर त्यांनी मोजलेले नाही. ते अंतर १९२१ च्या मार्चमध्ये जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसत असेल.

आरंभीची इच्छा खरी होती, ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सत्तेवर येताच बोल्शेविकांनी झारच्या काळातील गुप्त करार प्रसिद्ध केले. महायुद्धातील विजयानंतर कॉन्स्टँटिनोपल रशियास मिळावे, ही १९१५ मधील तडजोड त्यांत होती. डिसेंबर १९१७ मध्ये लेनिन व स्टालिन ह्यांच्या सहीने रशियातील व पूर्वेकडील मुसलमान श्रमिकांना उद्देशून जे आवाहन निघाले, त्यात हा करार रद्द झाल्याचे आणि कॉन्स्टँटिनोपल मुसलमानांच्याच हाती राहील असे जाहीर करण्यात आले. खलिफाची राजधानी परकीयांच्या ताब्यात जाईल ह्या भीतीने हिंदुस्थानातील मुसलमान अस्वस्थ होण्याच्या आधीच, एका निरीश्वरवादी पक्षाने तिच्यावरील आपला वारसाहक्क सोडून दिला होता. भोपाळचे मौलवी बरकतुल्ला १९१९ मध्ये लेनिन ह्यांना भेटले व त्यांनी बोल्शेविक आणि इस्लाम ह्यांच्यात मैत्री शक्य असल्याचा प्रचार केला, तो ह्याच भूमीवर.

१९२० च्या उन्हाळ्यात हे धोरण शिगेला पोहोचले. कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या दुसऱ्या अधिवेशनात लेनिन ह्यांचे वसाहतविषयक प्रबंध व त्यांस जोडलेले मानवेंद्रनाथ रॉय ह्यांचे पूरक प्रबंध मंजूर झाले. सप्टेंबरमध्ये बाकू येथे पूर्वेकडील लोकांची परिषद भरली. तीस सुमारे १,९०० प्रतिनिधी होते, आणि झिनोव्हिएव्ह ह्यांनी तेथे ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध जी हाक दिली ती धर्मयुद्धाची होती. मार्क्सच्या अनुयायाने हा शब्द वापरावा ह्यात वक्त्याला विसंगती वाटली नाही. श्रोत्यांनाही वाटली नाही. त्याच सुमारास हिजरतीच्या ओघात सरहद्द प्रांत, सिंध व पंजाब येथून हजारो मुसलमान अफगाणिस्तानात गेले होते. त्यांतील काही तरुण तुर्कस्थानला जाण्याच्या वाटेवर अमूदर्या ओलांडून ताश्कंदला पोहोचले, आणि ऑक्टोबर १९२० मध्ये रॉय ह्यांनी तेथे त्यांच्यासाठी लष्करी शिक्षणाची शाळा काढली. खलिफासाठी निघालेल्या माणसांमधून कम्युनिस्ट घडविण्याचा हा प्रयोग होता.

तथापि हाती घेतलेले हे काम पेलण्याइतके बळ रशियापाशी नव्हते. यादवी युद्धाने देश होरपळला होता, कारखाने ओस पडले होते, शेतकरी धान्यवसुलीस विरोध करीत होते. मार्च १९२१ मध्ये क्रॉनस्टाटच्या नौसैनिकांनीच बंड केले. त्याच महिन्यात पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने धान्यवसुलीऐवजी कर आकारण्याचे ठरविले, म्हणजे नव्या आर्थिक धोरणाचा पाया घातला. ज्या सरकारला घरात माघार घ्यावी लागत होती त्याला बाहेर यंत्रसामग्री हवी होती, आणि ती मिळण्याचे मुख्य द्वार लंडनला होते. त्या द्वाराची किंमत करारात लिहिलेली आहे : आशियातील लोकांना, विशेषतः हिंदुस्थान व अफगाणिस्तान येथील लोकांना, ब्रिटिश हितसंबंधांविरुद्ध चिथावणी देण्यापासून सोव्हिएत सरकारने दूर राहावे. ताश्कंदची शाळा त्याच वर्षी बंद झाली. विद्यार्थ्यांपैकी काहींना मॉस्कोत नव्याने निघालेल्या पूर्वेकडील श्रमिकांच्या विद्यापीठात पाठविण्यात आले. शस्त्रे काढून घेतली गेली आणि हाती पुस्तके दिली गेली.

चिथावणी पूर्णपणे थांबली असे मात्र नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये लॉर्ड कर्झन ह्यांनी कराराच्या भंगाबद्दल तक्रार केली, तेव्हा कम्युनिस्ट इंटरनॅशनल ही स्वतंत्र संस्था असून तिच्या कृत्यांस सोव्हिएत सरकार जबाबदार नाही, असे उत्तर मॉस्कोहून आले. कायद्याच्या भाषेत हे उत्तर टिकणारे होते. व्यवहारात दोन्ही संस्थांचे सूत्रधार एकाच पक्षाच्या मध्यवर्ती समितीत बसत. परराष्ट्र कमिसार चिचेरिन ह्यांनी राज्याराज्यांत संबंध जुळवावेत व इंटरनॅशनलने त्या राज्यांच्या मुळाशी सुरुंग पेरावेत, ही दुपेडी रचना पुढे अनेक वर्षे टिकली. परंतु दोन्ही पेड एकमेकांस काचू लागले की कोणता सोडावयाचा, ह्याचा निर्णय मात्र ह्याच वसंतात झालेला दिसतो.

त्याचा पुरावा लंडनच्या कराराहूनही मॉस्कोतील तुर्की करारात अधिक ठळक आहे. २८ जानेवारी १९२१ च्या रात्री तुर्की कम्युनिस्ट पक्षाचे नेते मुस्तफा सुफी व त्यांचे सहकारी ह्यांची ट्रॅबझोनजवळ काळ्या समुद्रात हत्या झाली. ते रशियातून आपल्या देशी परतत होते, आणि जेथे त्यांचा जीव गेला तो प्रदेश केमाल ह्यांच्या पक्षाच्या ताब्यात होता. सात आठवडेही झाले नाहीत तोच सोव्हिएत सरकारने त्याच पक्षाशी मैत्रीचा करार केला. तुर्कस्थानवर बळाने लादलेला तह आपण मानणार नाही, असे त्यात आश्वासन होते, म्हणजेच ऑगस्ट १९२० मधील सेव्रचा तह नाकारला गेला. कार्स व अर्दहान तुर्कस्थानकडे राहिले, बातूम सोव्हिएत जॉर्जियाकडे आले, आणि एकमेकांविरुद्ध काम करणाऱ्या संघटनांना आपल्या भूमीवर थारा न देण्याचे दोघांनीही मान्य केले. कराराबरोबर शस्त्रे व सुवर्ण देण्याचेही ठरले. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर इंग्रजांचे आरमारी ठाणे होऊ नये, हे रशियन राज्याचे हित झारच्या काळापासूनचे होते. ते साधण्यासाठी स्वपक्षीयांच्या हत्येवर पडदा टाकण्यात आला. इराणमधील गीलानच्या सोव्हिएत प्रजासत्ताकाचीही ह्याच वर्षी अशीच गत झाली. फेब्रुवारीत तेहरानशी तह झाला, सप्टेंबरात लाल सैन्य निघून गेले आणि प्रजासत्ताक मागे एकटे उरले.

आता मालेगावकडे वळावयाचे. मुंबई-आग्रा रस्त्यावर, मोसम नदीच्या काठी वसलेल्या ह्या गावात १८५७ नंतरच्या धामधुमीत व दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांची मोठी वस्ती झाली होती. हातमागावरील लुगडी हा त्यांचा मुख्य धंदा. १९२१ च्या आरंभी खिलाफतीच्या कार्यकर्त्यांनी तेथे राष्ट्रीय शाळेसाठी पैसा फंड सुरू केला, वर्गणी न देणाऱ्यांवर बहिष्कार पडू लागला, आणि स्वयंसेवकांच्या शस्त्रे बाळगण्यावर सरकारने बंदी घातली. ती मोडल्याबद्दल काही स्वयंसेवकांना शिक्षा झाली त्याच दिवशी जमाव खवळला. गांधीजींनी 'यंग इंडिया'तून ह्या कृत्याचा निषेध केला. पुढे खटले चालले, अनेकांना तुरुंगवास झाला व काहींना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

ह्या घटनेची कारणे गावातच सापडतात : वर्गणी, बहिष्कार, मनाई, दंड. तिची प्रेरणा मात्र दूरची होती, आणि ती मॉस्कोची नव्हती. बाकूच्या व्यासपीठावरून ज्या लोकांना हाक दिली गेली, त्यांपैकी मालेगावचे विणकर निश्चितच होते : श्रमिक, मुसलमान आणि ब्रिटिश प्रजाजन. ते रस्त्यावर आले तेव्हा हाक देणाऱ्याने आपला शब्द लंडनला गहाण ठेवून चाळीस दिवस लोटले होते. हाक त्यांच्यापर्यंत पोहोचली असती तरी तिच्यामागे देण्याजोगे काही उरले नव्हते. अशा स्थितीत ह्या उद्रेकाला बोल्शेविक कारस्थान म्हणणे जितके निराधार, तितकेच त्याला जागतिक क्रांतीचा एक भाग म्हणणेही निराधार होय.

त्याच एप्रिलमध्ये मुंबईत 'गांधी विरुद्ध लेनिन' ही इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिचे लेखक श्रीपाद अमृत डांगे नाशिक जिल्ह्यातीलच. वय अवघे एकवीस. रशियन क्रांतीची जी तुटपुंजी माहिती हिंदुस्थानात झिरपत होती, तिच्या आधारे हे पुस्तक लिहिले गेले, मॉस्कोच्या सांगण्यावरून नव्हे. रॉय ह्यांच्याशी डांग्यांचा पत्रव्यवहार त्यानंतर सुरू झाला आणि त्यातूनच १९२४ चा कानपूर खटला उभा राहिला. एकाच जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्या ह्या दोन गोष्टी, एक दंगल व एक पुस्तिका, एकमेकींस अनोळखी राहिल्या. मुंबईच्या गिरण्यांकडे वळलेल्या कम्युनिस्टांची दृष्टी मालेगावच्या मागांकडे त्या काळी गेली नाही, हे नमूद करण्याजोगे आहे.

मालेगाव व मॉस्को ह्यांच्या वाटा कोठेच मिळाल्या नाहीत असे मात्र म्हणता येत नाही. हिंदुस्थानभर गावोगावी खिलाफत समित्यांनी अंगोरा सरकारसाठी फंड गोळा केले होते. पै-पैशांनी जमलेली ती रक्कम केमाल ह्यांच्याकडे गेली; रशियाचे सुवर्ण त्याच तिजोरीत पडत होते. देणाऱ्यांपैकी एकास खिलाफत वाचवावयाची होती, दुसऱ्यास आपली दक्षिण सीमा. घेणाऱ्याने दोन्ही घेतले आणि दोघांचेही ऐकले नाही. तुर्की कम्युनिस्टांवर बंदी आली, आणि ३ मार्च १९२४ रोजी अंगोराच्या राष्ट्रसभेने खिलाफत बरखास्त करून खलिफास देशाबाहेर घालविले. हिंदुस्थानातून आलेल्या पैशांपैकी काही भाग शिल्लक होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केमाल ह्यांच्या प्रेरणेने इश बँक स्थापन झाली, तेव्हा तो तिच्या भांडवलात घालण्यात आला.