सशाने आखलेलं शहर

परवा पठाणपुऱ्यापासून बिनबा गेटपर्यंत परकोटावरून चालत आलो. इको-प्रोच्या पोरांनी २०१७ पासून खपून त्यावरची झाडंझुडपं काढली, म्हणून हे चालणं शक्य आहे. त्याआधी एवढा लांबलचक कोट गावात असूनही दिसत नसे. उजव्या हाताला जुनं शहर, डाव्या हाताला इरईकडे उतरत गेलेल्या वस्त्या. मध्ये मी, आणि डोक्यात एकच प्रश्न. घरं कुठे बांधायची हे आमच्या गावात ठरवतं कोण?

पहिलं उत्तर दंतकथेत आहे. खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला, तर ससाच कुत्र्याच्या मागे लागलेला! राणी म्हणाली, ही जागा साधी नाही, इथे शहर वसवा. तो ससा जिथून जिथून धावला तिथून तटाची रेघ आखली म्हणतात. पुढे पिढ्यानपिढ्या काम चाललं आणि धुंड्या रामशहाच्या काळी कोट पुरा झाला. घेर सुमारे ११ किलोमीटर, चार दरवाजे, पाच खिडक्या. पूर्वेला झरपट, पश्चिमेला इरई. सशाला नगररचना कळत होती की नाही ठाऊक नाही, पण जागा त्याने ऐसपैस घेतली. इतकी, की इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्येसुद्धा तटाच्या आत शेतं आणि सुटी सुटी खेडी असल्याची नोंद आहे. १९०१ साली चांद्याची वस्ती होती जेमतेम १७,८०३. नगरपालिका १८६७ पासूनची, पण तेव्हा तिच्यापुढे जागेचा प्रश्न काय असणार?

मग कोळसा वाढला, १९८० च्या दशकात वीज केंद्र आलं, माणसं आली. २०११ च्या जनगणनेत शहर ३,२०,३७९ वर पोचलं आणि त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

आता कागदावरची रीत बघा. आरक्षण बदलून एखाद्या जागेवर घरं उभारायची, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सभागृहात ठराव येतो, नोटीस निघते, हरकती-सूचनांना महिनाभर मुदत मिळते, सुनावणी होते आणि शेवटी शासनाची मंजुरी. पूररेषाही आहेतच. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम नको, लालपर्यंत अटींवर. सगळं व्यवस्थित.

पण माझ्या डाव्या हाताच्या वस्त्या अशा मंजूर झालेल्या नाहीत. त्यांची मंजुरी हप्त्याहप्त्याने आली. कुणीतरी पडीक वावराचे तुकडे पाडले, स्टॅम्प पेपरवर विकले. दहा घरं झाली. मग विजेचा खांब आला, निवडणुकीआधी मुरूम पडला, पुढे नळ, आणि एक दिवस घरटॅक्सची पावती. ज्या दिवशी पावती फाडली त्या दिवशी पालिकेने "हो" म्हटलं, असं मी धरतो. एकाही हरकतीशिवाय! वरून २००१ चा गुंठेवारी कायदा. १ जानेवारी २००१ पर्यंतच्या भूखंडांना नियमित करायचं म्हणून तो आला आणि २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली. रेघ पुन्हा पुन्हा पुढे नेता येते हे लोकांना कळतं हो.

पूर्वी मीही म्हणायचो, नदीत घरं बांधतात आणि मग पूर आला म्हणून ओरडतात. आता म्हणवत नाही. ज्याच्याकडे पैसे कमी त्याला सखल जागाच परवडते. आणि आत तरी कुठे सोपं आहे? कोट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असल्याने २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याच्यापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद. म्हणजे तटाला चिकटून राहणाऱ्याला आजोबांचं घर पाडून नवं बांधता येत नाही, आणि बाहेर गेला की निळी रेषा. कोटाचा मी भक्त आहे, तरी हे नाकारता येत नाही.

इरईला पूर येतो तो नुसता तिच्या स्वतःच्या पाण्याचा नाही. वर धरणाचे दरवाजे उघडतात, खाली वर्धा फुगलेली असली की इरईचं पाणी पुढे सरकत नाही, उलटं गावात शिरतं. २००६, २०१३, २०२२. रहमतनगरवाल्यांना ही सालं पाठ आहेत. २०२२ ची गंमत (गंमत कसली!) अशी, की महापालिकेची मुदत एप्रिलमध्ये संपली होती आणि पाणी जुलैत आलं. जाब विचारायला नगरसेवकच नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे.

बिनबा गेटला खाली उतरलो आणि नदीच्या बाजूला थोडा चाललो. एका घराच्या भिंतीवर खिडकीच्या वरपर्यंत गाळाची पुसट रेघ होती. दाराशेजारी घरक्रमांकाची पत्र्याची पाटी, त्या रेघेच्या बरीच खाली. पलीकडच्या रिकाम्या तुकड्यात चुन्याच्या ताज्या फक्क्या मारलेल्या होत्या. बहुतेक पायव्यासाठी.