जिंकायचं काय असतं त्यात?

मी 'मड' खेळतो म्हटलं की घरचे हमखास विचारतात, "मग जिंकलास का?" मंडळी, उत्तरासाठी जरा मागे जावं लागेल.

१९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पहिला मड लिहायला घेतला. १९८० पासून रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर खोलीचं वर्णन उमटतं, आपण टाइप करायचं: उत्तरेला जा, दिवा उचल. त्याच खोलीत दुसरा खराखुरा माणूसही असतो. तेव्हा जिंकणं होतं. गुण साठवून 'विझर्ड' व्हायचं.

१९८९ मध्ये अमेरिकेत जिम अ‍ॅस्पनेसने टायनीमड लिहिला. तिथे लढाईपेक्षा गप्पांना आणि स्वतः खोल्या बांधण्याला महत्त्व आलं. मी खेळतो तो याच घराण्यातला. एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, समोरच्याने उत्तर दिलं की गोष्ट पुढे सरकते. संहिता नसलेलं नाटकच म्हणा ना.

"पण नुसते शब्दच ना?" असंही ऐकतो. १९९३ मध्ये लॅम्डामू नावाच्या अशाच जगात एकाने इतरांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केले. पात्रांमागची माणसं खरोखर दुखावली. खेळाडूंची सभा भरली, एका विझर्डने ते पात्र काढून टाकलं आणि पुढे तिथे मोठे निर्णय मतदानाने होऊ लागले.

तेव्हा माझ्या खेळात जिंकत कोणीच नाही. पलीकडे माणूस आहे, एवढं टाइप करताना लक्षात ठेवायचं.

असो. कुणाला बघायचं असेल तर रविवारी घरी या. चहा आणि एक पात्र माझ्याकडून!