अकोलीची विहीर आणि भास्कर पाटलांचा प्रश्न

उमरी तालुक्यातील गोरटे हे गाव मराठीच्या अभ्यासकाला ठाऊक असते ते दासगणू महाराजांच्या समाधीमुळे. दासगणूंना (१८६८–१९६२) 'आधुनिक महीपती' म्हटले गेले. त्यांचा 'श्रीगजाननविजय' हा ग्रंथ महाराष्ट्रात घरोघर वाचला जातो; परंतु त्याचा कर्ता आमच्या शेजारच्या गावी विसावला आहे, हे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या गावीही नसते. म्हणून तीन वर्षांपूर्वी, मार्च संपता संपता, आम्ही दोघा अध्यापकांनी वर्गाला घेऊन उमरीहून गोरट्याला पायी जायचे ठरविले. सूचनाफलकावर आम्ही दोनच ओळी लिहिल्या होत्या: सकाळी सातला निघायचे आणि प्रत्येकाने आपापले पाणी आणायचे.

प्रत्यक्षात निघालो दहाला. कोणाची गाडी चुकली, कोणी प्रस्ताविक लांबविले, छायाचित्रे काढण्यात वेळ गेला. पोहोचताना काही वाटले नाही. परतीच्या वाटेवर मात्र ऊन डोक्यावर आले, बाटल्या रिकाम्या झाल्या आणि एक विद्यार्थिनी बांधावर बसली ती उठेना. तिला घेरी आली होती, ओकारीही झाली. आम्ही तिला नाश्ता केला होता का, औषध काही चालू आहे का, असे प्रश्न विचारीत उभे होतो. हळदीच्या काढणीवर असलेली एक बाई शेतातून आली आणि म्हणाली, "लेकराला सावलीत घ्या आधी, मग इचारा काय इचारायचं ते." तिने आपल्या घागरीतले पाणी मुलीच्या डोक्यावर ओतले, पदर भिजवून मानेवर ठेवला, थोडे थोडे पाजले. अर्ध्या तासाने मुलगी सावरली. आम्ही आभार मानून निघालो. त्या घागरीत बाईचे दिवसभराचे पाणी होते आणि ते संपले होते, हे आमच्या ध्यानात आले ते उमरीला पोहोचल्यावर.

पुढच्या आठवड्यात वर्गात 'श्रीगजाननविजय'चा पाचवा अध्याय होता. तो योगायोग होता असे आता म्हणवत नाही.

त्या अध्यायातील प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. भर दुपारच्या उन्हात गजानन महाराज अकोलीच्या शिवारात येतात. तहानेने जीव व्याकूळ झालेला. शेतात भास्कर पाटील काम करीत आहेत. त्यांच्याजवळ घागरभर पाणी आहे. महाराज पाणी मागतात आणि भास्कर ते नाकारतात. नाकारताना ते जे बोलतात ते केवळ कठोर नाही, त्यात एक युक्तिवाद आहे. त्याचा आशय असा: तू धट्टाकट्टा आहेस, पांगळ्या-अनाथाला पाणी देण्यात पुण्य आहे, तुझ्यासारख्याला देण्यात नाही, हे पाणी मी माझ्यासाठी डोईवरून वाहून आणले आहे, कष्ट कर आणि पी. महाराज काही न बोलता जवळच्या विहिरीकडे वळतात. ती बारा वर्षे कोरडी आहे. ते ध्यान लावतात, झरे फुटतात, विहीर भरते आणि भास्कर पाटील त्यांच्या पायांवर लोळण घेतात.

पारायणात हा प्रसंग चमत्कार म्हणून ऐकला जातो. आमच्या वर्गात मात्र एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण भास्कर पाटलांचं चुकलं काय? पाणी त्यांनी स्वतः आणलं होतं. उन्हात निघताना ज्याने त्याने आपली सोय बघायला नको का?"

वर्गात शांतता पसरली. आमच्या सूचनाफलकावरील दुसरी ओळ सर्वांनाच आठवली असणार.

हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. ओसाड प्रदेशांत हौसेने पायी भटकायला जाणाऱ्यांपैकी काही जण दरवर्षी उन्हाने दगावतात, आणि प्रत्येक वेळी पहिली प्रतिक्रिया उमटते ती 'कोणी सांगितले होते जायला?' अशी. अमेरिकेतील डेथ व्हॅली, जेथे १९१३ साली ५६.७ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली, तेथे उन्हाळ्यात दिवसा पायी फिरू नका असे बजावणारे फलक आहेत. तरी लोक जातात. आपल्याकडेही एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीच्या उघड्या कातळांवर भर दुपारी चढणारी मंडळी कमी नाहीत. त्यांना 'जबाबदारी तुमची' असे सांगणे गैर नाही. पण जबाबदारी हा शब्द एवढ्यावरच संपतो काय, हे पाहायचे तर आपल्या संतचरित्रांकडे वळावे लागेल. कारण तहानलेला वाटसरू आणि पाणी हा तेथे पुन्हा पुन्हा येणारा प्रसंग आहे.

त्यातील सर्वांत जुना प्रसंग खऱ्याखुऱ्या मरुभूमीतला आहे. मराठीत 'वाळवंट' म्हटले की वारकऱ्याच्या डोळ्यांसमोर चंद्रभागेचा काठ येतो. आपले वाळवंट नदीच्या कुशीतले. पाणी हाकेच्या अंतरावर. नामदेवांना मात्र दुसरे वाळवंटही ठाऊक असावे. नामदेव (१२७०–१३५०) आणि ज्ञानदेव यांच्या तीर्थयात्रेचे वर्णन 'तीर्थावळी'च्या अभंगांत येते. त्यांतील मूळ किती आणि मागाहून आलेले किती, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. पण कथा अशी: मरुदेशातून जाताना दोघांना तहान लागते. विहीर सापडते, ती अतिशय खोल. आणि जवळ दोर नाही. ज्ञानदेव लघिमा सिद्धीच्या बळाने आत उतरून पाणी पितात आणि नामदेवांसाठीही आणू म्हणतात. नामदेव ते न घेता विठ्ठलाचा धावा करतात. तेव्हा विहीर काठोकाठ भरून बाहेर वाहू लागते. परंपरा ही विहीर बिकानेरजवळच्या कोलायतला दाखविते. महीपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा विस्ताराने आली.

कथा ऐतिहासिक आहे असा आमचा दावा नाही. पण शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची जी ६१ पदे आहेत, त्यांतील धनाश्री रागातल्या एका पदात मारवाडात पाणी जसे प्रिय आणि उंटाला वेल जशी प्रिय, तशी आपली प्रीती असल्याचे कवी सांगतो. हिंगोली जिल्ह्यातील नरसीशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या गोदाखोऱ्यातल्या माणसाला ही उपमा केवळ ऐकीव माहितीवर सुचली असेल असे वाटत नाही. त्याच थरच्या वाळवंटात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. तेथे पाण्याची किंमत काय, हे शब्दाने सांगावे लागत नाही.

या कथेचा रूढ अर्थ योगापेक्षा भक्ती श्रेष्ठ असा लावला जातो. तो आहेच. पण पाण्याच्या बाजूने पाहिले तर दुसरा भेद दिसतो. ज्ञानदेवांची सिद्धी ज्याच्याजवळ आहे त्याची तहान भागविते. फार तर तो सोबत्यासाठी ओंजळभर आणील. काठोकाठ भरलेली विहीर मागाहून येणाऱ्या कोणाही वाटसरूची, त्याच्या जनावराचीही असते. आणि कथेतील दोराकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पूर्वीचा प्रवासी तांब्या आणि दोर घेतल्यावाचून घर सोडीत नसे. तांब्या-दोर ही वाटसरूची जबाबदारी. विहीर ही गावाची. दोर नसेल तर विहीर व्यर्थ आणि विहीर नसेल तर दोर व्यर्थ. आमच्या मते उन्हातील जबाबदारीची याहून नेमकी मांडणी करता येणार नाही.

गावाची ही बाजू आपल्या प्रदेशाने कधीकाळी मनापासून सांभाळली होती. मराठवाड्यातील बारवा तिची साक्ष देतात. परभणी जिल्ह्यातील वालूरची चक्राकार बारव पाहताना आजही पाय आपसूक खाली उतरतात. अहिल्याबाई होळकरांविषयी (१७२५–१७९५) जॉन माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की, उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी रस्त्यांवर त्यांची माणसे बसविलेली असत. इतकेच नव्हे तर महेश्वरच्या परिसरात नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजले जाई. 'हा बैल कोणाचा' असे विचारल्याची नोंद नाही.

अर्थात हे चित्र रंगविताना एक गोष्ट झाकली जाऊ नये. विहीर गावाची होती, पण गाव सर्वांचे नव्हते. तळपत्या उन्हात विहिरीच्या काठाशी उभे राहून, कोणी वरून ओंजळीत पाणी घालील म्हणून वाट पाहणारी माणसे याच प्रदेशात होती. एकनाथांच्या (१५३३–१५९९) चरित्रातील दोन प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचावेत. एकात, काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगेचे पाणी ते तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजतात. दुसऱ्यात, पैठणला गोदावरीच्या वाळवंटात भर दुपारी पोळणारे महाराचे मूल ते उचलून कडेवर घेतात. दोन्ही ठिकाणी नाथांसमोर सबळ सबब होती. एकीकडे संकल्पाची, दुसरीकडे सोवळ्याची. त्यांनी सबब बाजूला ठेवली आणि आधी वाळूच्या तापाकडे पाहिले. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना जे करावे लागले, त्यावरून नाथांचे ते पाऊल समाजाने किती थोडे गिरविले हे उघड होते.

आता वैद्यक काय सांगते ते पाहू. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखण्यासाठी, हवा त्वचेहून अधिक तापली की घामावाचून दुसरा मार्ग उरत नाही. उन्हात चालताना तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. पाणी व मीठ कमी पडले, किंवा हवेतील दमटपणामुळे घाम वाळेनासा झाला, की आतील ताप चढू लागतो. तो ४० अंशांपलीकडे गेला की उष्माघात. त्याचे ठळक लक्षण म्हणजे बुद्धीचा गोंधळ. माणूस असंबद्ध बोलतो, सावली सोडून उन्हात चालू लागतो. म्हणजे ज्या विवेकाच्या भरवशावर आपण 'वैयक्तिक जबाबदारी' उभी करतो, तोच नेमक्या वेळी साथ सोडतो. म्हणून ही जबाबदारी निघण्यापूर्वीच पार पाडावयाची असते: केव्हा निघावे, केव्हा थांबावे, केव्हा बेत रद्द करावा. बांधावर बसलेल्या मुलीकडून ती अपेक्षिणे व्यर्थ होते. दहाला निघण्याचा निर्णय तिचा नव्हता, आमचा होता.

आणि ज्यांना निघण्या-न निघण्याचा निर्णयच घेता येत नाही त्यांचे काय? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात बीड जिल्ह्यात हातपंपावर पाण्याच्या खेपा घालणारी एक शाळकरी मुलगी उन्हाने दगावली. ती हौसेने चालत नव्हती. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यात ऊन लागून १४ जण मृत्युमुखी पडले. ते श्रद्धेने आले होते. सोहळा दुपारी उघड्यावर घ्यावा हे त्यांनी ठरविले नव्हते. या सर्वांना 'आपापले पाणी आणावयाचे होते' असे सांगणे म्हणजे भास्कर पाटलांचाच युक्तिवाद, परंतु त्यांच्या डोईवरच्या घागरीवाचून.

कारण भास्कर पाटलांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांनी ते पाणी खरोखर वाहिले होते. ज्याच्या वाट्याला दिवसाला एक घागर येते, त्याची कृपणता आणि नळाखाली बसलेल्याची कृपणता एक नव्हे. दासगणूंना हे कळले होते, असे आम्हांस वाटते. चमत्कारानंतर गजानन महाराज भास्करांना शिक्षा करीत नाहीत. आता डोईवरून पाणी वाहू नकोस, हे पाणी तुझ्यासाठी आहे, असे सांगतात. म्हणजे विहीर फुटली ती तहानलेल्यासाठी आणि नाकारणाऱ्यासाठीही. टंचाईने माणसाला घट्ट केले होते. तीच दूर केली गेली. या टंचाईला इतिहासही आहे: गजानन महाराजांच्या शेगावातील वास्तव्याच्या काळातच, १८९९–१९०० मध्ये, वऱ्हाडाने छप्पनचा भीषण दुष्काळ सोसला.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला आम्ही दिलेले उत्तर असे: भास्कर पाटलांचा नियम चुकीचा नव्हता, तो त्यांनी चुकीच्या क्षणी लावला. ज्याने त्याने आपली सोय पाहावी, हे घरून निघताना स्वतःला सांगावयाचे वाक्य आहे. समोर तहानलेला उभा असताना त्याला ऐकवावयाचे नव्हे. त्यावर त्याने विचारले, "मग त्या बाईंनी काय करायला हवं होतं?" याचे उत्तर आम्हांजवळ होते, आणि तेच लाजविणारे होते. बाईंनी जे करावयाचे ते केले होते. घागर रिकामी झाल्यावर ती पुन्हा भरून देणे हे काम उरले होते, आणि ते आमचे होते.

आता आम्ही दरवर्षी गोरट्याला जातो ते जानेवारीत. दोन वर्षांपूर्वी त्या शेतावर चौकशी केली तेव्हा कळले की काढणीची टोळी बाहेरगावची होती, ती पुन्हा आली नाही.