डॅनियल्सचे घड्याळ

१. जॉर्ज डॅनियल्स (१९२६–२०११) : उत्तरायुष्यात आइल ऑफ मॅन बेटावर स्थायिक झालेले इंग्रज घड्याळजी. केस, तबकडी, काटे, चक्रे असे जवळजवळ सगळे ते एकहाती घडवत. साहजिकच घड्याळे थोडीच झाली. त्यांच्या को-ॲक्शियल एस्केपमेंटला (चक्रांची गती नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेला) ‘तेलच लागत नाही’ हे विधान अतिशयोक्त आहे. त्यात घर्षण कमी होते, म्हणून तेलावरची भिस्त घटते, इतकेच. मोठ्या कंपन्यांनी बराच काळ या रचनेला दाद दिली नाही. १९९९मध्ये ओमेगा कंपनीने ती बाजारात आणली. रॉजर स्मिथ हे डॅनियल्स यांचे शिष्य. स्मिथ यांचे पहिले घड्याळ डॅनियल्स यांनी नापसंत केले; दुसऱ्यावर पाचेक वर्षे खपल्यावर होकार मिळाला. आज त्याच बेटावर स्मिथ यांची कार्यशाळा आहे.