बांधावरचं इसब

इसब झालं की आमच्याकडे दोनच कारणं सांगतात: अंगात उष्णता, नाहीतर रक्त बिघडलं. कातडीच्या डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो, सत्तरच्या दशकापासून. शेतकरी उंबऱ्यात उभा राहिला की अर्धं निदान तिथेच होई. चेहरा काळवंडलेला, पापण्या जाड, मानेवर नि कोपराच्या लवणीत कातडी चामड्यासारखी राठ. खाजवून खाजवून नखं आरशासारखी गुळगुळीत. सदऱ्याखालचं अंग मात्र बऱ्याचदा स्वच्छ. रक्तच बिघडलं असतं तर खाज बाहीपाशी कशाला थांबली असती?

कारण हवेतून येत होतं. गाजरगवत, मूळचं मेक्सिकोच्या आखाताकडचं. आर. एस. राव यांनी 1956 मध्ये पुण्यातून त्याची नोंद केली. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आलं, म्हणून ‘काँग्रेस गवत’, असं जो तो छातीठोकपणे सांगतो. पण कलकत्त्याच्या सरकारी बागेच्या 1814 च्या रॉक्सबर्गच्या यादीतही हे झाड आहे. बागेतलं रोप वेगळं, बांधोबांध माजलेलं तण वेगळं, हे कबूल. तरी सगळं खापर गव्हावर फोडायला मी तयार नाही.

त्वचारोगाशी गाजरगवताचा संबंध लोणकर आणि जोग यांनी 1968 मध्ये एका रुग्णाच्या नोंदीतून मांडला. पानांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. वाळलेल्या गवताचा चुरा वाऱ्यावर उडाला की ते उघड्या अंगावर बसतं. आम्ही रुग्णाच्या पाठीवर गवताच्या अर्काची पट्टी लावायचो, 48 तासांनी काढायचो. खाली लाल चकंदळ उठलेलं असे. तरी रुग्ण हटून बसे: “इतकी वर्षं ह्याच गवतात राबतोय, आत्ताच कसं?” शरीराला त्या द्रव्याचं वावडं जडायलाच कधीकधी वर्षं लागतात, हे त्याला पटवणं मलम देण्यापेक्षा जड जाई.

मलमानं उतार पडे, पण माणूस पुन्हा त्याच बांधावर. कुठे निर्मूलन मोहीम निघाली की मजूर उघड्या हातांनी गवत उपटत. 1984 मध्ये बंगळुरूत मेक्सिकोचा भुंगेरा सोडला. तो पानं फस्त करतो, पण पावसाळ्यापुरताच. उन्हाळ्यात तो मातीत दडून बसतो. कालव्याकाठचं गवत मात्र तेव्हाही हिरवंगार, त्यामुळे तिकडच्या रुग्णांना आमच्या दवाखान्यात हंगाम असा नव्हताच.